झुलालनानांचा विनंती नसलेला दावा

कोर्टाच्या कंपाउंडला लागून माझी पत्र्याची टपरी आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक करकरणारा पंखा आणि मी, सुलक्षणा. लोक सांगतात, मी टाइप करते. माझ्या सासूबाईंना वाटतं मी वकील आहे आणि वकिलांना वाटतं मी मशीन आहे. स्वभाव तापट आहे, ते मीच आधी सांगून टाकते. एरंडोलच्या मे महिन्यात पत्र्याखाली बसून कोणी गोड बोलून दाखवावं, मी त्याचे पाय धरीन.

या टपरीत बसून मी माणसांच्या मागण्या टाइप करत आले. कोणाला बांध सरळ करून हवा, कोणाला भाडेकरू बाहेर काढून हवा, कोणाला वारसदाखला हवा. मागायला माणूस कधी लाजत नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. एकच असा भेटला की ज्याने दावा लावला आणि मागितलं काहीच नाही. ते झुलालनाना.

नाना जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होते, आता घरीच असतात. पण गावात त्यांची ओळख ती नाही. त्यांची ओळख म्हणजे रुसवे काढणारा माणूस. आमच्याकडे लग्न म्हटलं की कोणीतरी रुसणारच. जावई रुसतो, मामा रुसतो, काही नाही तर बँडवाला रुसतो. कोणी रुसलं नाही तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही. मग हाक जाते, नानांना बोलवा.

नानांची पद्धत ठरलेली. रुसलेल्या माणसाला काय पाहिजे ते विचारायचं नाही. विचारलं की तो "काही नाही" म्हणतो, आणि एकदा "काही नाही" म्हटलं की मग मेला तरी सांगत नाही. नाना त्याच्या शेजारी जाऊन बसतात. कापूस कसा आहे, पाणी किती लागलं, पोरगी कितवीत गेली, असलं बोलतात. बोलता बोलता त्याचं लक्ष कुठे जातं ते बघतात. शिरपूरकडच्या एका लग्नात नवरदेवाचा आतेभाऊ रुसून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसला होता. नाना ट्रॉलीत चढले. तो सारखा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्याकडे बघत होता. नानांनी ओळखलं, ह्याला मानाचा टॉवेल पोचलेला नाही. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "भो, तुना टॉवेल मनाजवळ राही गयथा." आतेभाऊ खाली उतरला आणि वरातीत सगळ्यात पुढे नाचला.

हे ते अभिमानाने सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "मान मांगानी चीज नही. समोरच्यानी वळखाले पाहिजे."

आता असा माणूस कोर्टात आला तर काय होईल, याचा विचार कोणी केला नव्हता. नानांनी तर नाहीच.

झालं असं. नानांचं घर आणि त्यांच्या चुलतभावाचं, रुपचंदभाऊंचं घर, यांच्यामधून एक बोळ जातो. दोघांच्या वाडवडिलांपासून दोघांचा. नानांच्या घराचं मागचं दार त्या बोळात उघडतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी रुपचंदभाऊंनी बोळाच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं फाटक बसवलं आणि त्याला कुलूप घातलं. भांडण नाही, शिवी नाही, एक शब्द नाही. नानांनीही विचारलं नाही. हे कुलूप का, एवढं विचारायला काय जात होतं? पण नाही. ते महिनाभर कुलपाकडे बघून घरात जायचे. मग एक दिवस पिशवी घेऊन माझ्या टपरीत आले आणि म्हणाले, दावा लिहायचाय, वकील नको, मी जातीने उभा राहणार.

वकील का नको, तर एका वकिलाकडे ते जाऊन आले होते. वकिलाने पहिल्याच वाक्याला विचारलं, नाना, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? नाना उठून आले. ज्याला एवढंही कळत नाही तो कोर्टाला काय समजावणार, असं त्यांचं म्हणणं.

मी सांगितलं, नाना, मी वकील नाही. तुम्ही बोलाल ते मी छापणार. ते म्हणाले, तेच पाहिजे. आणि सुरू झाले. पणजोबांनी ही जागा कशी घेतली, आजोबांनी विहीर कशी खणली, रुपचंदचे वडील वारले तेव्हा दहाव्याला कोण आलं आणि कोण आलं नाही, लहानपणी रुपचंदला गोवर झाला तेव्हा नानांनी त्याला खांद्यावर घेऊन पद्मालयाच्या गणपतीला कसं नेलं. पानामागून पान. मला पानाप्रमाणे पैसे मिळतात, म्हणून मी बोलू नये, पण माझी बोटं दुखायला लागली आणि फाटकाचा पत्ता नाही. शेवटी मी विचारलं, नाना, फाटक कधी येणार? ते म्हणाले, येईल, आधी माणूस तर समजू दे.

तो दावा त्यांनी दाखल करायला नेला आणि तासाभरात परत आणला. छाननीच्या क्लार्कने हरकती काढल्या होत्या. साधा, समजूतदार माणूस, त्याने नानांना बसवून सगळं समजावलं होतं. दाव्यात ज्या हकिगतीवर हक्क उभा आहे तेवढीच हकिगत लिहायची. साक्षीपुरावा नंतर. दाव्यास कारण केव्हा घडलं ती तारीख लिहायची. जागेची चतुःसीमा लिहायची. शेवटी काय हुकूम पाहिजे ते विनंती म्हणून लिहायचं. आणि खाली सत्यापन, म्हणजे कोणता मजकूर स्वतःच्या माहितीचा आणि कोणता ऐकीव, ते कबूल करून सही.

आम्ही परत बसलो. गोवर गेला. दहावा गेला. नाना प्रत्येक वाक्याला असे हळहळले, जणू मी त्यांच्या दारची झाडं तोडत होते. दाव्यास कारण म्हणून त्यांनी "भाऊबंदकी" असं सांगितलं. मी म्हटलं तारीख पाहिजे, तेव्हा आखाजीवर तडजोड झाली.

चतुःसीमेला मात्र मजा आली. उत्तरेस वादीचे घर, दक्षिणेस प्रतिवादीचे घर, पश्चिमेस नाला, इथपर्यंत ठीक. पूर्वेस काय? नाना म्हणाले, पूर्वेस सुंदरबाईचा ओटा, तिथे संध्याकाळी बायका बसतात. मी म्हटलं, बायका सीमेत येत नाहीत. ते म्हणाले, बायकांशिवाय तो ओटाच नाही. बायका काढायला त्यांनी अर्धा तास लावला, आणि काढल्यावर गप्प झाले. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

सत्यापनाला तर बहार. रुपचंदने हे बायकोच्या सांगण्यावरून केलं, असं एक वाक्य होतं. मी विचारलं, हे तुमच्या माहितीचं की ऐकीव? नाना खरा माणूस. म्हणाले, ऐकीव. कोणाकडून? सुंदरबाईकडून. तिने कोणाकडून ऐकलं? त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, खोड ते. असं करत करत दीड पान उरलं. खरं सांगू का, कामाचं तेवढंच होतं.

आणि मग विनंती.

मी विचारलं, नाना, काय पाहिजे? फाटक काढावं, कुलूप काढावं, वहिवाटीला अडथळा करू नये, काय टाकू? नाना बाहेर कडुनिंबाकडे बघत म्हणाले, "मांगानं कसाले? बठ्ठं लिखेल शे. वाचीसन समजी जाई." मी म्हटलं, नाना, सगळं लिहिलं असलं तरी न्यायाधीश मॅडम तुमच्या गावच्या नाहीत, त्यांना कसं समजेल? ते म्हणाले, मी अनोळखी माणसांचे रुसवे काढले ते कसे? त्या तर शिकलेल्या आहेत.

तेव्हा मला कळलं. हा माणूस दावा लावत नव्हता. हा माणूस रुसला होता. ट्रॉलीत जाऊन बसायच्या ऐवजी कोर्टात जाऊन बसला होता, आणि न्यायाधीशाने शेजारी येऊन कापसाची चौकशी करावी म्हणून वाट बघत होता.

माझं डोकं फिरलं. मी टपरीला कुलूप घातलं आणि तणतणत त्यांच्या घरी गेले, म्हटलं त्यांच्या बायकोला, द्रौपदाबाईंना, तरी सांगावं. पुढच्या दाराला गेले तर दगडी पायऱ्या, उंच, झिजलेल्या, आणि धरायला काही नाही. मीच दोनदा अडखळले. आत खिडकीशी द्रौपदाबाई बसल्या होत्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. बोळातून सपाट जाता येत होतं तोवर त्या रोज संध्याकाळी काठी टेकत सुंदरबाईच्या ओट्यावर जायच्या. आखाजीपासून त्या घराच्या बाहेर पडल्या नव्हत्या. खिडकीतून ओटा दिसत नाही, नुसतं हसणं ऐकू येतं. त्या मला म्हणाल्या, काल त्या कशाला हसल्या तेवढं तरी विचारून सांग गं.

मी तिथेच बसले. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

द्रौपदाबाईंना मी विनंतीचं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. हा माणूस कोर्टात काय मागणार, म्हणाल्या, याने जन्मात माझ्याकडे मीठ मागितलं नाही. भाजी अळणी झाली की बरणीकडे बघत बसतो. चहा पाहिजे असला की म्हणतो, आज हवा जरा वेगळी आहे. लग्न झालं तेव्हापासून मी याच्या मनातलं ओळखत आले, आता डोळ्यांना कमी दिसतं तरी ओळखते. मग हसणं थांबवून त्या म्हणाल्या, "तू लिव्ह बाई. मले ओट्यावर बसाले जानं शे. इतलंच."

ते मी नानांना जसंच्या तसं सांगितलं. नाना स्टुलावर सरसावून बसले. मग म्हणाले, लिही. मला वाटलं, सुटले. त्यांनी सांगितलं, "न्यायाचे दृष्टीने योग्य तो हुकूम व्हावा." एवढंच. अहो, ते वाक्य प्रत्येक दाव्यात सगळ्यात शेवटी असतं, वरच्या मागण्या संपल्यावर, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं. नानांनी ताट न वाढताच बडीशेप ठेवली. मी कपाळाला हात लावला आणि छापून दिलं.

क्लार्कनेही कपाळाला हात लावला असावा. पण हरकत पुरी करण्याच्या अटीवर दावा नोंदला गेला आणि रुपचंदभाऊंना समन्स गेलं. आणि रुपचंदभाऊ कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, लिहायला कुठे आले? माझ्याकडेच. मी म्हटलं, समोरच्याचं मीच टाइप केलंय. ते म्हणाले, मग बरं, तुला सगळं माहीत आहे. त्यांनाही वकील नको होता. एकाच झाडाची फळं.

कैफियतीचा नियम असा की, दाव्यातला प्रत्येक मजकूर एकेक करून कबूल तरी करायचा नाहीतर नाकारायचा. मोघम चालत नाही. जे नाकारलं नाही ते मान्य धरतात. हे मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. मग एकेक परिच्छेद घेतला. बोळ दोघांचा आहे? खरं आहे. वादीचं दार बोळात उघडतं? खरं आहे. तुम्ही फाटक लावलं? खरं आहे. मी म्हटलं, भाऊ, काहीतरी नाकारा, नाहीतर तुमच्यावर हुकूम होईल. ते म्हणाले, खरं ते खोटं कसं म्हणू? मग कुलूप का लावलं ते तरी लिहा. ते अंगठ्याने जमीन कोरत म्हणाले, "काही नही."

तारखेच्या दिवशी मी टपरी बंद ठेवली आणि कोर्टात मागे जाऊन उभी राहिले. धंद्याचं नुकसान झालं, पण मला राहवेना. पुकारा झाला. एका बाजूला नाना, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, दुसऱ्या बाजूला रुपचंदभाऊ. मॅडमनी दावा वाचला, कैफियत वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मग नानांना विचारलं, बाबा, तुमची मागणी काय आहे? नाना हात जोडून म्हणाले, साहेब, आपण सगळं वाचलंत, आपल्याला कळलंच असेल.

मॅडमना कळलं असणार, चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबा, मला कळून उपयोग नाही. न मागितलेलं कोर्ट देत नाही. आणि मागितल्यापेक्षा जास्तही देत नाही. दुरुस्तीचा अर्ज द्या, काय पाहिजे ते लिहा."

नाना उभेच. मला वाटलं जाऊन गदागदा हलवावं त्यांना. तिकडे एक बाई खिडकीत बसून हसण्याचा आवाज ऐकतेय आणि इकडे हा माणूस मान सांभाळतोय. मॅडमनी मग रुपचंदभाऊंकडे वळून विचारलं, तुम्ही सगळंच मान्य केलंय, मग कुलूप का लावलंत? रुपचंदभाऊंनी मान खाली घातली आणि अंगठ्याने फरशी कोरत म्हणाले, काही नाही.

नानांनी झटकन मान वळवली. आयुष्यभर रुसलेल्यांचे जे दोन शब्द त्यांनी ओळखले होते, तेच आज घरच्या माणसाच्या तोंडून ऐकले. त्यांनी रुपचंदभाऊंचा अंगठा पाहिला, उतरलेला खांदा पाहिला. मी नानांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी तिथे आश्चर्य होतं, मग शरम.

त्यांनी मॅडमना विचारलं, थोडा वेळ मिळेल का? मॅडमनी दुसरं प्रकरण पुकारायला सांगितलं. नाना मागच्या बाकावर रुपचंदभाऊंच्या शेजारी जाऊन बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, लिंबाला यंदा बहर कसा आहे? मी शेजारच्याच खांबाला टेकले होते, म्हणून ऐकू आलं. रुपचंदभाऊ म्हणाले, आहे बरा. दिपमालाचा फोन येतो का? येतो. दिपमाला ही रुपचंदभाऊंची मुलगी, आखाजीच्या आधी तिचं लग्न झालं होतं. तिचं नाव निघालं आणि रुपचंदभाऊंचा अंगठा थांबला. नाना गप्प बसले. ही त्यांची पद्धतच, दाराशी पोचलं की थांबायचं.

मग रुपचंदभाऊ बोलले. त्या लग्नात नवरदेवाचा मामा रुसला होता. नानांनी दुपारभर बसून त्याची समजूत काढली, त्याला स्वतःच्या हाताने घास भरवला, आणि शिरपूरला दुसऱ्या लग्नात हाक आली म्हणून तसेच एसटीत बसून गेले. घरच्यांची पंगत शेवटी बसते. रुपचंदभाऊ नानांचं ताट वाढून, शेजारी स्वतःचं ठेवून, वाट बघत बसले होते. पोरीची पाठवणी झाली तरी ते ताट तसंच.

"बठ्ठासना रुसवा तू काढा, नाना," ते म्हणाले. "मना घर तू जेवना नही. मना रुसवा कोन काढी?"

नानांनी खांद्यावरच्या टॉवेलने आधी त्याचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे.

तडजोडीचा अर्ज मीच टाइप केला, टपरी पुन्हा उघडून. पहिलं कलम, प्रतिवादी फाटक व कुलूप आजच काढील. दुसरं, बोळातून दोघांची वहिवाट राहील. तिसरं कलम रुपचंदभाऊंनी सांगितलं, वादी प्रतिवादीच्या घरी पोटभर जेवील. मी म्हटलं, हे कोर्टात चालत नाही. ते ऐकेनात. नाना लेखी दिल्याशिवाय येणार नाही, म्हणाले. मॅडमनी वाचलं, ओठ दाबून हसू आवरलं आणि तिसऱ्या कलमाबद्दल विचारलं, हे दोघांनाही मान्य आहे का? नाना म्हणाले, मान्य. नोंद झाली. मी पुढे उभी राहून मुद्दाम पाहिलं, विनंतीच्या जागी अजून ती नुसती बडीशेपच होती. म्हणजे शेवटपर्यंत या माणसाने मागितलं नव्हतं ते नव्हतंच.

रविवारी जेवण झालं, आणि मलाही आमंत्रण होतं. वरण-बट्टी, वांग्याचं भरीत, अंगणात पंगत. फाटक नुसतं उघडलं नव्हतं, रुपचंदभाऊंनी ते उपटून गोठ्याला लावलं होतं. द्रौपदाबाई बोळातून काठी टेकत आल्या, पण सरळ पंगतीला आल्या नाहीत. आधी सुंदरबाईच्या ओट्यावर बसल्या, राहिलेलं सगळं हसणं वसूल केलं आणि मगच आल्या. वाढायला स्वतः रुपचंदभाऊ होते.

नानांच्या पानातली बट्टी संपली. मी त्यांच्या समोरच बसले होते. त्यांची नजर हळूहळू बट्टीच्या टोपलीकडे गेली आणि तिथे थांबली. रुपचंदभाऊंनी पाहिलं, टोपली हातात होती, पण ते हलले नाहीत. द्रौपदाबाईंनी पाहिलं, त्या वरणात बोट फिरवत बसल्या. अख्ख्या अंगणाला माहीत होतं नानांना काय पाहिजे, आणि एक माणूस देईना.

नानांनी पाणी प्यायलं. टोपी सारखी केली. मग मान वर करून, घसा साफ करून म्हणाले, "रुपचंद, आखो एक बट्टी वाढ."

द्रौपदाबाईंच्या हातातला घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि मला वाटतं, त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं ते भरताच्या तिखटाचं नव्हतं. नंतर ओट्यावर त्यांनी हे बायकांना इतक्या वेळा सांगितलं की सुंदरबाई वैतागली.

रुपचंदभाऊ वाकले. मागितली एक, वाढल्या दोन.